दोन माणसांचं मशीन

इनासकाकांनी आठ वर्षांत मला एकदाच झापलं, आणि तेही मी त्यांच्याकडे अगदी मन लावून बघत होते म्हणून. ती हकीकत तिच्या जागी सांगेन. आधी माणूस सांगते.

आम्ही सांगलीचे. नवऱ्याची नोकरी मुंबईत, मला वसईतल्या माणिकपूरच्या एका शाळेत गणित शिकवायला मिळालं. चौऱ्याण्णव साल असावं. स्टेशनपासून जरा आत, जिथे इमारती संपून केळीच्या वाड्या सुरू होत, अशा एका गावात भाड्याने दोन खोल्या आहेत असं कळलं, म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही दोघं त्या अंगणात जाऊन उभे राहिलो. ओट्यावर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ बसले होते. बेताची उंची, खांदे मात्र त्या उंचीला न शोभण्याइतके रुंद, भर मे महिन्यात फुल पँट आणि पायात घोट्यापर्यंतचे बूट. मांडीशी झाड कापायचं पेट्रोलचं मशीन धरून ते गोल कानशीने त्याची साखळी घासत होते.

"खोल्या द्यायच्या आहेत असं कळलं," मी म्हटलं.

त्यांनी मान वर न करता डावा हात उंचावला. आम्ही थांबलो. कानस तीनदा पुढे गेली, साखळी जराशी सरकली, पुन्हा तीनदा. बरीच मिनिटं गेली. नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "बहिरे दिसतात."

"बहिरा नाय," ते म्हणाले. "दात मोजतोय. मधे बोललो की चुकतं."

साखळीला चौतीस दात होते. सतरा डाव्या अंगाचे, सतरा उजव्या. प्रत्येकाला तीनच वेळा कानस, एकाला जास्त नाही, एकाला कमी नाही, नाहीतर मशीन लाकडात तिरकं जातं. हे त्यांनी सगळं झाल्यावर सांगितलं. मी सवयीने बोलून गेले, "म्हणजे एकशे दोन वेळा." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तुम्ही काय करता, कुठल्या, किती माणसं, काही विचारलं नाही. "टीचर काय?" एवढंच विचारलं आणि खोल्यांची किल्ली आणायला आत गेले. नवऱ्याच्या नोकरीपेक्षा माझ्या पाढ्यांवर आम्हाला घर मिळालं, हे मी पुढे कित्येक वर्षं नवऱ्याला ऐकवत असे.

घरात ते एकटेच. बायको फिलू आदल्या वर्षी गेली होती. मुलगा मस्कतला, तो दोन वर्षांतून एकदा नाताळला यायचा. गावातल्या लोकांशी ते जी बोली बोलत ती मला पहिली दोन वर्षं ओ की ठो कळली नाही. माझ्याशी बोलताना ते जपून, शाळेच्या मराठीच्या आसपास यायचा प्रयत्न करत. माझ्या तोंडी ते 'इनासकाका' झाले आणि त्यांच्या तोंडी मी कायमची 'टीचर'. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

ते मशीन त्यांनी आखातातून आणलं होतं. तिथल्या एका बंदरावर लाकडाच्या वखारीत ते काही वर्षं होते. "गावातले सगळे येताना सोनं घेऊन आले, टेप घेऊन आले," ते सांगायचे, "आनि आमच्या मानसाने करवत आनली, असं फिलू सगळ्यांना सांगायची. चर्चच्या दारात उभी राहून सांगायची." हे सांगताना ते मोठ्याने हसत, आणि हसणं संपलं की लगेच उठून काहीतरी कामाला लागत. फिलूच्या फोटोखाली एक इवलासा लाल बल्ब असायचा. वीज गेली की ते आधी तिथे मेणबत्ती लावत, मग आपल्या खोलीत.

त्यांचं सगळं जगणं त्या मशीनच्या शिस्तीत बसलेलं होतं. हातात लटकवून, झटका देऊन मशीन सुरू करणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. मशीन जमिनीवर ठेवायचं, साखळीचा ब्रेक लावायचा, मागच्या दांड्यात बुटाचं टोक घालून दाबायचं, पुढचा दांडा डाव्या हातात असा धरायचा की अंगठा खालून वळला पाहिजे, आणि मग दोरी ओढायची. "अंगठा वरती ठेवनारा मानूस मशीन धरत नाय," ते म्हणायचे, "मशीनला नुसता हात लावतो." पेट्रोल भरायचं ते मशीन गार झाल्यावर, आणि भरल्या जागेवर सुरू न करता दहा पावलं लांब जाऊन. कामाला जाताना गळ्यातली क्रुसाची माळ काढून ते खुंटीला अडकवत. कुठे अडकली तर गळ्यासकट जाईल. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईने त्यावरून त्यांना टोकलं होतं, देवाला घरी ठेवून जातोस म्हणून. तिला म्हणाले, "देवालापन दोन झाडं लांब उभा करतो. त्याला लागलं तर?"

भुसा बघून ते धार सांगत. पीठ पडायला लागलं की थांबायचं, साखळी बोथट झाली. पोहे पडतायत तोवर चालू दे. आणि पात्याच्या टोकाला ते नाक म्हणत. नाकाच्या वरच्या अंगाने लाकूड लागलं की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. "ह्या नाकाला लय राग. त्याला कुठंच लावायचा नाय." एकदा मी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंबद्दल तणतणत घरी आले, तर शांतपणे म्हणाले, "तुमी नाकाला लावलं असेल, टीचर. बाजूने कापायचं." मी ते करून बघितलं. उरलेली सगळी वर्षं बाईंचं आणि माझं उत्तम जमलं.

आता महादूमामा. इनासकाकांबद्दल बोलायचं आणि महादूमामांबद्दल बोलायचं नाही, असं होऊच शकत नाही. रेल्वेच्या पूर्वेकडच्या एका गावातले, काटकुळे, काकांच्याच वयाचे. झाडावर सरसर चढून दोर बांधायचे आणि खाली यायचे. त्यानंतर झाड पडेपर्यंत ते काय करायचे? काही नाही. बघायचे. कापणाऱ्याच्या मागे, तिरपे, हातात एक लांबलचक बारीक बांबू घेऊन उभे राहायचे आणि झाडाच्या शेंड्याकडे बघायचे. बांबूचं टोक काकांच्या पाठीला एकदा लागलं तर मशीन बंद. दोनदा लागलं तर सगळं टाकून आधीच साफ करून ठेवलेल्या वाटेने मागे. जवळजवळ अठरा वर्षं त्यांनी हेच केलं. मशीनला त्यांनी कधी हात लावला नाही. गावात त्यांना सगळे 'बघ्या' म्हणत.

मीही एकदा गमतीने विचारलं होतं, की महादूमामांचं काम मला मिळेल का, उन्हाळ्याच्या सुट्टीत. काका हसले नाहीत.

"कापनारा आंधळा असतो, टीचर. कान झाकलेले, डोळे साखळीवर. वरती झाड काय करतं ते त्याला कळत नाय. ते दुसऱ्याने बघायचं. एकट्याने दोरी ओढायची नाय. हे दोन मानसांचं मशीन हाय."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. अर्नाळ्याच्या बाजूला एका वाडीत जुनं चिंचेचं झाड कापताना पाठीवर दोनदा टकटक झाली. काकांना वाटलं, अजून तर अर्धंही कापलं नाही, काय झालं याला. पण मशीन तिथेच टाकून ते निघाले. पाच पावलांवर मागे वळून बघितलं, तर ते उभे होते त्या जागी मांडीएवढी सुकलेली फांदी पडलेली.

"मग तुम्ही महादूमामांना काय म्हणालात?"

"काय म्हननार? चहा घेऊ म्हटलं."

त्या दोघांना काम करताना मी एकदाच बघितलं, शाळेच्या वाटेवर. रस्त्यालगत एक वाळलेला आंबा पाडायचा होता. काकांनी हात लांब करून, काठी उभी धरून, मागे मागे जात झाडाची उंची काढली. मी वर्गात फळ्यावर समरूप त्रिकोण शिकवत होते आणि हा सातवी शिकलेला माणूस ते रस्त्यात करत होता. मग त्या उंचीच्या दुप्पट अंतरावर महादूमामांनी चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आत कापणारा आणि बघणारा, बाकी कोणी नाही. एक स्थानिक पुढारी गाडीतून उतरले आणि चार कार्यकर्ते घेऊन थेट रेघ ओलांडून झाडाखाली उभे राहून बोलायला लागले. काकांच्या पाठीला बांबू लागला. मशीन बंद. काका शांतपणे एका ओंडक्यावर बसले आणि बाटलीतून पाणी प्यायला लागले.

"थांबलास का रे?" पुढारी म्हणाले.

"तुमचं चालू द्या, साहेब. तुमचं झालं की मी करतो."

"मला ओळखतोस ना?"

"वळखतो ना," काका म्हणाले. "झाड नाय वळखत."

वीसेक मिनिटं रस्ता अडून राहिला. शेवटी पुढारी रेघेबाहेर गेले, तेव्हा काकांनी उठून पँट झटकली. सगळ्या गर्दीत महादूमामा एकटे हसत होते, तेही शेंड्याकडे बघत.

नव्व्याण्णव सालच्या दिवाळीनंतर महादूमामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांच्या मुलाने जमीन विकून नालासोपाऱ्याला चौथ्या मजल्यावर जागा घेतली होती. लिफ्ट नव्हती. आयुष्यभर माडावर चढलेला माणूस तिथून पुन्हा खाली उतरला नाही.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर काका पिशवीत वाडीतली केळी घालून नालासोपाऱ्याला जात. तासभर बसून परत येत. मी एकदा विचारलं, काय करता तिथे. म्हणाले, "बसतो." मग आपणहून पुढे म्हणाले, "आदी पन आमी बोलत नव्हतोच ना, टीचर. पन आता तो बोलू शकत नाय, म्हनून मी बोलत नाय. हे येगळं हाय."

इथून पुढे काकांचं सगळं एका गोष्टीवर येऊन अडलं. दुसरा माणूस मिळाला तर मशीन चालणार होतं, नाहीतर नाही. आणि मशीन नाही म्हटल्यावर त्या घरात इनासकाका म्हणून उरत काय होतं? फिलूच्या फोटोखालचा बल्ब आणि मुलाचा महिन्यातून एकदा येणारा फोन. मशीन हातात असलं की ते कोणीतरी होते. अख्ख्या वसईत लोक त्यांना त्या मशीनमुळे ओळखत होते.

त्यांनी शोध केला नाही असं नाही. एक पुतण्या आला. त्याला नवा मोबाइल मिळाला होता, त्याची नजर झाडापेक्षा त्यावर. दुसरा एक चांगला धडधाकट माणूस आला, दोन दिवस नीट उभा राहिला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मशीन माझ्या हातात कधी देणार?" काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. रात्री जेवणावर मला म्हणाले, "सगळ्यांना कापायचंय, टीचर. बघायचं कोनालाच नाय." त्यांना जेवायला आम्हीच अधूनमधून बोलवायचो. ते यायचे, पण निघताना स्वतःचं ताट स्वतः धुऊन ठेवायचे, मी कितीही ओरडले तरी.

तोवर बाजारात स्वस्तातली मशीनं आली होती. एक माणूस, एक मशीन, रिक्षात टाकून आला, कापलं, गेला. इमारती भराभर उभ्या राहत होत्या, झाडं रोज पडत होती. लोक काकांना म्हणायचे, अरे इनास, सगळं जग एकट्याने कापतंय, तूच काय तो शहाणा?  ज्यांच्या वाड्यांतली झाडं काकांनी वर्षानुवर्षं पाडली, त्यांची कामंही हळूहळू दुसरीकडे गेली.

तरी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून कानस चालूच. तीनदा, सरकव, तीनदा. मी वह्या तपासत आत बसलेली असायचे आणि नकळत मोजायचे. एके दिवशी राहवलं नाही.

"काका, कापतच नाही तर धार कशाला लावता?"

त्यांनी नेहमीप्रमाणे उरलेले दात पूर्ण केले. मग मला जवळ बोलवून साखळी दाखवली. प्रत्येक दाताच्या पाठीवर एक बारीक रेघ असते. घासून घासून दात त्या रेघेपर्यंत आला की साखळी संपली, ती फेकायची. त्या साखळीचे चौतीसच्या चौतीस दात रेघेला टेकले होते.

"ही गेली," ते म्हणाले.

वर्षभरात त्या साखळीने एक झाडसुद्धा कापलं नव्हतं. ती नुसती त्यांच्या हातात झिजून गेली होती. मी आत येऊन भाजी चिरायला घेतली आणि रडले. नवरा घरी आल्यावर त्याने विचारलं काय झालं, तर मला ते नीट सांगताही येईना. साखळी संपली म्हणून कोणी रडतं का?

महिन्यातून एकदा ते मशीन नुसतंच सुरू करत. तसंच ठेवलं तर आतलं पेट्रोल चिकट होतं आणि मशीन मरतं, असं त्यांचं म्हणणं. सकाळची शाळा संपवून मी दुपारी घरी असायचे, तेव्हा मला खिडकीतून दिसायचं. साखळीला ब्रेक, बूट दांड्यात, अंगठा खालून. चार मिनिटं ते मशीन अंगणाच्या मधोमध गुरगुरायचं आणि काका त्याच्यावर वाकून उभे. कापायचं काही नसायचं. पण त्या चार मिनिटांत ते दोनतीनदा मान वळवून मागे बघायचे. मागे विहीर होती आणि दोरीवर माझे कपडे.

पुढच्या जूनमध्ये मोठं वादळ झालं. आमच्या स्वयंपाकघरामागचा आंबा मुळापासून सैल होऊन कौलांच्या बाजूला कलला. तो काढणं भाग होतं, परवानगीचा कागदही लवकर आला. पण एकट्याने कापणाऱ्याला आपल्या आवारात पाऊल टाकू द्यायला काका तयार नव्हते. दोन दिवस ते झाडाभोवती फिरत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"टीचर, एक काम होतं. तासभराचं. नुसतं बघायचं."

मला हसू आलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी जिरलं. त्या माणसाने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं, कधीच. भाड्याला उशीर झाला तरी तोंडाने मागितलं नव्हतं.

दोन दिवस त्यांनी माझी तालीम घेतली. कुठे उभं राहायचं, पळायची वाट कुठली, बांबू कसा धरायचा. अंगणातल्या खुर्चीच्या पाठीला मी बांबूने टकटक करायचे. "जोरात, टीचर. पोरांना मारता तशी." मी पोरांना मारत नाही, म्हटलं. "मग आता शिका."

ठरल्या दिवशी त्यांनी नवी कोरी साखळी चढवली. बोटाने खालून ओढून सोडली, ती टपकन परत बसली, तेव्हा त्यांचा चेहरा कसा दिसत होता ते मला सांगता येणार नाही. माळ खुंटीला गेली. शिडी लावून त्यांनी कलाच्या उलट्या बाजूला दोर ताणून बांधला होता. जिकडे पाडायचं त्या अंगाला त्यांनी खाच घेतली आणि मागून कापायला सुरुवात केली. मधे चार बोटं लाकूड शाबूत ठेवायचं, ती झाडाची बिजागरी, तिच्यावर झाड दारासारखं फिरून खाली येतं. पांढरे पोहे उडत होते. सात वर्षं मी बहुतेक त्या मशीनचा नुसता आवाजच ऐकला होता. त्यांचे हात इतके शांत होते, इतके खात्रीचे, की मी बघतच राहिले.

शेंडा माझ्या बाजूला झुकायला लागला, हे मला दिसलंच नाही. वादळाने मुळं एका अंगाने तुटली होती. काकांना ते कळलं, कारण चिरेत पातं आवळलं गेलं. ते मशीन सोडून मागे सरकले, माझ्या दंडाला धरून मला ओढत. झाड आलं, विहिरीच्या कठड्यावर. आम्ही उभे होतो तिथून चार हातांवर. कोणाला काही लागलं नाही.

त्यांनी कानावरचं काढलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय बघत होती तू?"

"तुम्हाला," मी म्हटलं.

"मला बघायला बोलवली काय? मला बघून काय करायचंय! झाड बघ म्हटलं ना, झाड!" आणि पुढे आपल्या बोलीत असं काही बोलले की मी त्याचा अर्थ कधी कोणाला विचारला नाही.

संध्याकाळी ते पायरीवर येऊन बसले. 

"चूक तुमची नाय, टीचर. मानूस मानसालाच बघतो." मग म्हणाले, "महादूने अठरा वर्षांत मला एकदा नाय बघितला. म्हनून मी हाय."

त्यानंतर त्यांनी कोणाला विचारलं नाही. मशीनची टाकी रिकामी केली, सुरू करून आतलं उरलंसुरलं जाळलं, साखळी तेलात बुडवून कापडात गुंडाळली आणि सगळं माळ्यावर ठेवलं. ओट्यावर कानशीचा आवाज थांबला. संध्याकाळी वह्या तपासताना माझं चित्त लागेना. आवाजाने कधी त्रास झाला नव्हता, तो आता नसण्याने व्हायला लागला.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी काका नालासोपाऱ्याहून लवकर परत आले. पिशवी जशी नेली तशी भरलेली होती. ती त्यांनी माझ्या दाराशी ठेवली. "केळी ठेवून घ्या, टीचर. आता कोन खानार." मला काही विचारावं लागलं नाही.

दोन हजार दोनमध्ये आम्ही विरारला स्वतःची जागा घेतली. निघताना काका वाडीच्या तोंडापर्यंत आले. मी येत जाईन म्हटलं. गेलेही, सुरुवातीला दोनतीनदा. मग शाळा, मधल्या काळात झालेल्या मुलीचं आजारपण, घरचं सगळं, आणि विरार ते माणिकपूर हे अंतर नकाशावर दिसतं त्यापेक्षा खूप वाढलं. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढे दोनएक वर्षांनी असेल, एका कामासाठी मी माणिकपूरला गेले होते. रिक्षा पुढे जाईना. रस्ता रुंद करायचा म्हणून कडेची जुनी झाडं पाडत होते. मशीनचा आवाज ओळखीचा, पण भसाडा. मी मान बाहेर काढून बघितलं. स्लिपर घातलेला एक पंचविशीतला तरुण पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याशी भिडलेला होता. भुसा पिठासारखा पडत होता. त्याच्या मागे, तिरपे, बूट आणि फुल पँट घालून, हातात बांबू घेतलेले इनासकाका उभे होते. केस पूर्ण पांढरे. गाल बसलेले.

मी उतरले. कडेला छत्रीखाली बसलेल्या मुकादमाला विचारलं, "ते म्हातारे तुमचे आहेत का?"

"आमचे कुठले, मॅडम. कोणी बोलावलं नाही त्यांना. गेले आठ दिवस रोज येतात. पहिल्या दिवशी हाकललं, तर तिकडे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. पैसे दिले तर घेत नाहीत." त्याने त्या तरुणाकडे बोट केलं. "शेवटी हाच बोलला, रहने दो चाचा को, पीछे कोई खडा रहता है तो डर नहीं लगता."

मी पुढे गेले. मशीन जरा वेळ थांबलं होतं, तो तरुण घाम पुसत होता.

"इनासकाका!"

आवाज त्यांनी ओळखला. खांदे किंचित हलले, ते मी बघितलं. पण मान वळली नाही.

"टीचर, मागे व्हा."

मी दोन पावलं मागे गेले. त्यांना विचारायचं होतं, जेवता का नीट, मुलगा आला होता का नाताळला, घरी कधी येऊ. खूप काही सांगायचंही होतं.

"अजून मागे," ते म्हणाले. "अजून."

मी मागे होत गेले, रिक्षापर्यंत, जिथून त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मशीन पुन्हा सुरू झालं. रिक्षावाला दुसऱ्या गल्लीतून काढतो म्हणाला आणि मी बसले. गाडी वळेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते. ते झाडाकडे बघत होते.